शालेय हस्तलिखित आणि पाहण्याचे शिक्षण

या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मी थोडा संकोचात पडलो. मी आयुष्यभर मराठी भाषा व वाङ्मय शिकविले. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते आमचे सर चित्रकलेचे शिक्षक होते. माळव्यातील मराठी कवितेवर मी बोलावे, अशी चालकांची सूचना होती. ती मी नम्रपणे बाजूला ठेवली, कारण सरांचे नाव घेतले की मला आठवते ते आमचे हस्तलिखित. त्याच्या पानावर मी काय लिहिले ते आता स्मरणात नाही. ते पान कसे दिसत होते, ते मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. भाषेच्या प्राध्यापकाने हे कबूल करणे थोडे अवघड आहे, पण खरे आहे.

दुसरेही एक कारण आहे. अलीकडे अनेक शाळांची वार्षिके पाहण्यात आली. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत, मुखपृष्ठ झगझगीत. आत पाहावे तर प्रमुख पाहुण्यांचे स्वागत, प्रमुख पाहुण्यांचे दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत. मुलांच्या कविता एका पानावर चार अशा दाटीवाटीने बसविलेल्या असतात. मांडणी बाहेरच्या संगणकचालकाने केलेली, छायाचित्रे भाड्याने बोलाविलेल्या छायाचित्रकाराची. मुलांनी फक्त मजकूर दिला, आणि तोही पुष्कळदा पालकांनी लिहून दिला. अशा अंकाने शाळेची शोभा वाढत असेल. त्यातून मुलांच्या हातात मात्र काही उरत नाही. हस्तलिखितातून हातात काय उरत असे, आणि तसे आजही कसे उरू शकेल, याविषयी मला बोलायचे आहे.

नव्या पिढीसाठी आधी हस्तलिखित म्हणजे काय ते सांगतो. वर्षातून एकदा, बहुधा स्नेहसंमेलनाच्या सुमारास, शाळेतील विद्यार्थी एक अंक स्वतःच्या हाताने तयार करीत. त्याची प्रत एकच. जाड कागदाचे ताव एका मापाने कापायचे, पेन्सिलीने समास आखायचे, वळणदार अक्षर असलेल्या मुलांनी मजकूर उतरवायचा, चित्रकारांनी चित्रे काढायची, आणि कोणाच्या घरी कॅमेरा असलाच तर दोन-चार छायाचित्रे डकवायची. मग खळीने पुठ्ठा चिकटवून बांधणी व्हायची आणि अंक वाचनालयात टेबलावर येई. वाचायला रांग लागे. अंक एकच असल्याने त्यातील चूकही एकच असे, आणि ती सगळ्यांना दिसे.

सरांचा पहिला नियम असा होता की चित्रकार आणि लेखनिक यांनी एकाच बाकावर बसायचे. आम्हांला हा नियम जाचक वाटे. लेखनिक म्हणे, मी आधी लिहितो, उरलेल्या जागेत तू चित्र काढ. चित्रकार म्हणे, मी आधी चित्र काढतो, तू भोवताली लिही. सर दोघांना थांबवीत आणि कोऱ्या पानावर हलक्या पेन्सिलीने एक चौकट काढीत. ती चित्राची जागा. ती कोठे असावी, केवढी असावी, हे ठरल्याशिवाय कोणी टाक उचलायचा नाही.

हा नियम सरांनी कोठून घेतला असावा, याचा उलगडा मला पुष्कळ उशिरा झाला. धारजवळच्या मांडूत १४३९ साली कल्पसूत्राची एक सचित्र पोथी तयार झाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जैन पोथ्यांची पद्धत अशी होती की लेखनिक प्रथम मजकूर लिही आणि लिहिता लिहिता चित्रासाठी चौकोन मोकळा सोडी. चित्रकार मागाहून येऊन तो भरी. म्हणजे पान रचण्याचे पहिले काम लेखनिकाचे असे. ज्याला अजून न काढलेले चित्र डोळ्यांपुढे आणता येते, त्यालाच त्याच्यासाठी नेमकी जागा सोडता येते. याच पोथ्यांत आणखी एक मौज आहे. ताडपत्रांच्या काळी पाने ओवण्यासाठी मध्ये भोक पाडावे लागे, आणि त्याच्याभोवती मजकूर सोडावा लागे. कागद आला, भोकाची गरज संपली, तरी त्या जागेची चकती पोथीकारांनी शोभेसाठी ठेवली. गरजेतून आलेली मोकळी जागा डोळ्याला इतकी सवयीची झाली होती की ती नाहीशी झाली असती तर पान गुदमरले असते.

त्याच मांडूत इ. स. १५००च्या सुमारास ‘निमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ सुलतान घियासशाह आणि त्याचा पुत्र नासिरशाह यांच्यासाठी तयार झाला. तो आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सामोसे, सरबते, अत्तरे यांच्या कृती आणि त्या कृती करणाऱ्या दासी, मध्ये मिशाळ सुलतान. मजकुरात जे आहे त्याचीच पुनरुक्ती चित्रात नाही: कृती सांगते काय घालावे, आणि चित्र सांगते कोणासाठी, कोणत्या बागेत, कोणाच्या देखरेखीखाली. चित्राने मजकुराचा प्रतिध्वनी होऊ नये, हे संपादनकलेतील तत्त्व आपल्या माळव्यात पाचशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

त्याहूनही जुने उदाहरण खुद्द धार शहरात आहे. भोजशाळेच्या परिसरातील खांबांवर परमारकालीन सर्पबंध कोरलेले आहेत. संस्कृत वर्णमाला आणि व्याकरणातील प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत बसवून दाखविले आहेत. विद्यार्थ्याने रुक्ष तक्ता पाठ करण्याऐवजी सापाच्या अंगावरून नजर फिरवावी आणि प्रत्ययाची जागा लक्षात ठेवावी. आजच्या भाषेत ही माहितीची दृश्य मांडणी होय. सरांनी चित्रकलेचे पहिले धडे धारलाच गिरविले होते, आणि सहलीत आम्हांला तेथे नेऊन ते त्या खांबापुढे फार वेळ उभे राहत. आम्हांला भूक लागलेली असे. आम्ही चुळबुळ करू लागलो की ते एवढेच विचारीत, “शेपटी कोणत्या अक्षरापाशी संपते?” कोणालाच सांगता येत नसे, आणि मग सर्वांना पुन्हा पाहावे लागे.

आता पानाच्या रचनेकडे वळतो. हस्तलिखितापुढची पायरी म्हणजे छापील अंक, आणि त्यासाठी पहिले साधन म्हणजे कच्ची प्रत, जिला छापखान्यात ‘डमी’ म्हणतात. एक मोठा ताव घ्यावा आणि तीनदा दुमडावा. सोळा पानांची पुस्तिका होते. तिच्यावर १ ते १६ आकडे घालून ताव पुन्हा उलगडला की मुले चकित होतात, कारण आकडे उलटेसुलटे विखुरलेले दिसतात. नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते की घडीच्या दोन्ही अंगांना शेजारी येणाऱ्या प्रत्येक जोडीची बेरीज १७ भरते. पान पहिले आणि पान सोळावे एकाच वेळी, एकाच बाजूला छापले जातात. हे एकदा हाताने करून पाहिलेला मुलगा “माझी कविता आणखी एक पान वाढवून घाला” असा हट्ट पुन्हा करीत नाही. पाने चारांच्या, आठांच्या, सोळांच्या पटीतच वाढतात, हे त्याला कळलेले असते.

समासाची गोष्टही अशीच. खालचा समास वरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवावा. दोन्ही सारखे ठेवले तर मजकूर खाली घसरल्यासारखा दिसतो. शिवाय वाचकाचा अंगठा तेथेच असतो. देवनागरीत ओळींमधील अंतर रोमनपेक्षा अधिक लागते, कारण वरच्या ओळीचे उकार खाली उतरतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा व रफार वर चढतात; जागा अपुरी असली की दोघांची टक्कर होते. इंग्रजी पुस्तकाचे माप जसेच्या तसे उचलणारे येथे फसतात. अक्षरलेखनातही तेच: देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट्या कलाने घ्यावा लागतो, तरच जाड रेघ जाड आणि बारीक रेघ बारीक येते. इंग्रजी सुलेखनाचे निब आणून मराठी शीर्षक काढले की अक्षरे आजारी दिसतात. सर स्वतः बोरू तासून देत, पण दुसऱ्यांदा देत नसत.

येथे मला १९६६ सालची एक हकिगत सांगितली पाहिजे. त्या वर्षी मी दहावीत होतो आणि हस्तलिखिताऐवजी प्रथमच छापील अंक काढण्याचे ठरले. प्रती दोनशे. बहुतेक अंक हिंदी, आणि शेवटची चार पाने मराठी. छपाईचे काम जवळच्या एका गावातील छापखान्याला दिले. त्या काळी एकेक खिळा जुळवून मजकूर बांधीत. छापखान्यात रोजचे काम हिंदीचे. पत्रिका, पावत्या, जाहिराती. ‘ळ’ या अक्षराचे खिळे त्यांच्या खणात इन मीन नऊ होते. नऊ संपल्यावर खिळे जुळविणाऱ्याने सद्‌भावनेने ‘ल’ बसविला. आम्हांला तपासणीची प्रत मिळण्यापूर्वीच पाने छापून झाली होती.

गठ्ठे शाळेत आले. आम्ही उघडून पाहतो तो ‘सकाळ’ची ‘सकाल’ झालेली, ‘फळा’चा ‘फल’, ‘बाळा’चा ‘बाल’. एका निबंधात ‘काळ कोणासाठी थांबत नाही’ असे वाक्य होते, ते ‘काल कोणासाठी थांबत नाही’ असे झाले. हेही एका परीने खरेच होते, म्हणून आम्ही हसलो. सर हसले नाहीत. मुख्याध्यापकांनी शुद्धिपत्र जोडण्याचे सुचविले. सरांचे म्हणणे असे पडले की शुद्धिपत्र कोणी वाचत नाही, आणि ज्या मुलीची कविता चुकली तिच्या आईने ती चुकलेलीच वाचायची काय? त्यांनी चुकीच्या जागा मोजविल्या. चार पानांत एक्केचाळीस. दोनशे प्रतींत आठ हजार दोनशे. आम्ही वीस जण होतो. प्रत्येकाच्या वाट्याला चारशे दहा ‘ळ’ आले.

काम दिसते तितके सोपे नव्हते. प्रथम ब्लेडच्या कोपऱ्याने ‘ल’ खरवडायचा. खरवडलेल्या कागदाचे तंतू उभे राहतात आणि तेथे शाई फुटते, म्हणून त्यावर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घोटायचे. मग बारीक टाकाने ‘ळ’ काढायचा. पहिल्या दिवशी आमचे सर्व ‘ळ’ शेजारच्या अक्षरांपेक्षा मोठे किंवा काळेकुट्ट दिसले. तेव्हा सरांनी भिंग दिले आणि छापील अक्षराची रेघ नेमकी किती जाड आहे ते पाहायला लावले. ‘ळ’ला आडवी जागा जरा अधिक लागते, तर ‘ल’ने सोडलेल्या जागेत तो बसवायचा कसा? दोन्ही गोलांचा आकार किंचित आवळावा, पण ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. शिरोरेषा शेजारच्या अक्षराला टेकली पाहिजे, ओलांडता कामा नये. आठवडाभर आम्ही हे केले. एका अक्षराकडे आठवडाभर पाहण्याची संधी मला पुढे पीएच. डी. करतानाही मिळाली नाही.

माळव्यातील मराठी माणसाला या गोष्टीचा आणखी एक पदर लगेच जाणवेल. पवारांच्या धारला आणि थोरल्या-धाकट्या पातीच्या देवासला मराठी ही एकेकाळी दरबाराची भाषा होती. आज ती घराची भाषा आहे, आणि काही घरांत तर फक्त आजीची. आपली मुले हिंदीत शिकतात. त्यात खेद करण्यासारखे काही नाही, हिंदीनेही आपल्याला उदंड दिले आहे. पण लिपी एक असल्यामुळे मराठी हळूहळू हिंदीच्या वळणाने लिहिली जाते आणि ते कोणाला कळतही नाही. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ निराळे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; फरक केवळ रकाराच्या आकाराचा. संगणकावर या अक्षरांचे संकेतांक दोन्ही भाषांना समान आहेत, वळण टंकावर अवलंबून असते. काही टंकांत मजकूर मराठी आहे असे संगणकाला सांगितले की मराठी वळणाची अक्षरे आपोआप येतात. हे सांगायचे असते, हेच पुष्कळांना माहीत नसते. छापखान्यातील नऊ खिळ्यांची अडचण आता उरलेली नाही. कोणी पाहिले नाही तर चूक मात्र तशीच होते.

छायाचित्राचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण आज तोच सर्वांत सोपा वाटतो आणि म्हणून सर्वांत अवघड झाला आहे. या प्रांताला छायाचित्रणाचा वारसा मोठा आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि १८७४च्या सुमारास तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे निजामाने त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली. मूळचा आराखडे काढणारा हा माणूस. काचेच्या जड पट्ट्या बैलगाडीवर लादून हिंडणाऱ्या त्या काळच्या छायाचित्रकाराला प्रत्येक चित्रापूर्वी विचार करावाच लागे.

आमच्या शाळेत कॅमेरा आला तो आग्फाचा क्लिक थ्री. एका फिल्मवर बारा चित्रे. ऊन की ढग एवढेच ठरवायचे, बाकी काही हातात नाही. आणि माणूस आठ-दहा फुटांपेक्षा जवळ आला की चेहरा अस्पष्ट. सरांनी जाहीर केले की वर्षाला अंकासाठी एकच फिल्म. बारा चित्रांत वर्ष बसवायचे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी वादविवाद होत. ज्याला छायाचित्र घ्यायचे असेल त्याने ते आधी पेन्सिलीने काढून दाखवावे, असा दंडक होता. चित्र वाईट निघाले तरी चालेल. प्रकाश कोठून येतो आणि कडेला काय कापले जाते, एवढे त्यात दिसले पाहिजे.

देवासच्या टेकडीचे उदाहरण घ्या. गावात कोठूनही ती दिसते. ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये प्रथम आणि १९२१ मध्ये पुन्हा देवासला आला, आणि १९५३ मध्ये त्याने आपल्या पुस्तकाचे नावच या टेकडीवरून ठेवले. आम्ही पहिल्या वर्षी तिचे जे छायाचित्र घेतले त्यात आकाश अर्धे, रस्ता अर्धा, आणि मध्ये बोटभर टेकडी. डोळा मनाला आवडेल तेवढेच पाहतो, कॅमेरा सगळे पाहतो, हे तेव्हा कळले. दुसऱ्या वर्षी एका मुलाने घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांमागून टेकडी टिपली. गाव आणि देवी यांचे नाते त्या एका चित्रात आले. त्याला कोणी तसे शिकविले नव्हते. बारांपैकी एकच चित्र वाट्याला आल्यामुळे तो महिनाभर टेकडीकडे पाहत हिंडला होता, इतकेच.

मांडूच्या सहलीत जहाज महालापुढे आम्ही सर्व जण ओळीने उभे राहिलो. महाल पूर्ण यावा म्हणून छायाचित्र लांबून घेतले. परिणामी चेहरे खसखशीएवढे आले. सरांनी पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या काढल्या आणि त्या छायाचित्रावर ठेवून पुढेमागे सरकवू लागले. दोन काटकोन समोरासमोर ठेवले की हवी तेवढी लहानमोठी चौकट होते. पाहता पाहता ओळ नाहीशी झाली, महालही बराचसा गेला, आणि एका कोपऱ्यात, छायाचित्रात आपण आहोत हेच माहीत नसलेला आमचा एक मित्र पाण्याकडे पाय सोडून बसलेला सापडला. तेच अंकात गेले. कापलेल्या भागात मुख्याध्यापकही होते, त्यामुळे काही दिवस वातावरण तंग होते. ही पट्ट्यांची युक्ती आजही संगणकाच्या पडद्यावर वापरता येते. फक्त काय ठेवायचे हे ठरविणारे डोळे हवेत.

छायाचित्र छापण्याचे शास्त्रही मुलांना सांगावे. पूर्वी जस्ताच्या ठोकळ्यावर जाळी घेत; छायाचित्र लहानमोठ्या ठिपक्यांत फोडले जाई. वर्तमानपत्री खरखरीत कागदाला इंचाला सुमारे पासष्ट ओळींची जाळी, गुळगुळीत आर्ट कागदाला एकशेवीस किंवा अधिक. साध्या कागदावर बारीक जाळीचा ठोकळा छापला की शाई पसरून सगळे काळे होई. आज ठोकळा नाही, पण ठिपके आहेतच. छपाईसाठी इंचाला तीनशे ठिपके हे सर्वसाधारण माप धरतात. सहा इंच रुंद छापायचे तर चित्र अठराशे ठिपके रुंद पाहिजे. व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र वाटेत आकसलेले असते. पडद्यावर ते झकास दिसते आणि कागदावर पुसट येते, तेव्हा मुलांना वाटते छापखान्याने घोटाळा केला. मूळ चित्र मागवून घेण्याची सवय संपादक मंडळाला पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

छायाचित्राखालच्या ओळीविषयी एक भाषाशिक्षक म्हणून थोडे अधिक सांगतो. ‘सहलीतील एक क्षण’, ‘आनंदी विद्यार्थी’ अशा ओळी लिहू नयेत; चेहरा आनंदी आहे हे वाचकाला दिसतेच. जे चित्रात दिसत नाही ते ओळीने सांगावे: स्थळ, दिवस, डावीकडून कोण कोण, आणि छायाचित्र कोणी घेतले. वीस वर्षांनी तो अंक उघडणाऱ्याला याच गोष्टी हव्या असतात. आणि आता एक नवा दंडकही पाळावा लागेल. मुलांची छायाचित्रे छापण्यापूर्वी त्यांची व पालकांची संमती घ्यावी. आमच्या वेळी हा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. आता तो टाळता येणार नाही.

या साऱ्यासाठी मोठा खर्च किंवा मोठे कलावंत लागतात काय? आपल्या परिसराचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. द. दा. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इंदूरला चित्रकलेची शाळा काढली आणि तिच्यातून बेंद्रे, हुसेन, द. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर असे विद्यार्थी निघाले. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके, ज्यांनी गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडविला, ते धारला येऊन राहिले आणि १९७२ मध्ये निधन होईपर्यंत धारचेच होऊन गेले. त्यांच्या कलाभवनातील अर्धपुतळे आम्हांला दाखविताना सर म्हणत की हाच चेहरा सकाळी आणि संध्याकाळी पाहा, मग छायाचित्रात प्रकाश काय करतो ते मला विचारू नका.

चिंचाळकर तर देवासचेच, १९१७चा जन्म. इंदुरात ‘गुरुजी’ म्हणून ओळखले जात. वाळकी पाने, बिया, काटक्या, फेकलेली डबडी यांतून त्यांना पक्षी आणि माणसे दिसत. देवनागरी अक्षरे आणि अंक यांच्या आकारांशी ते मुलांना खेळायला लावीत. बाजारातून साहित्य आणण्याआधी अंगणात काय पडले आहे ते पाहावे, ही त्यांची दृष्टी शाळेच्या अंकाला अगदी उपयोगी आहे. ‘एकलव्य’ संस्थेने १९८५ मध्ये सुरू केलेल्या ‘चकमक’ या हिंदी बालमासिकात मुलांची चित्रे आणि लेखन ‘मेरा पन्ना’ या सदरात येऊ लागले, तेव्हा मोठ्यांनी न सुधारलेले मुलांचे पान किती देखणे असते हे अनेकांनी प्रथम पाहिले. मराठीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली; तो संपादक मुळात चित्रकलेचा अभ्यास केलेला होता, आणि म्हणूनच त्याच्या मासिकात चित्र हे शेपूट म्हणून आले नाही.

आणि देवासच्या मुलांच्या खिशात तर रेखांकनाचा एक उत्कृष्ट नमुना असतोच. येथील बँक नोट प्रेस १९७४ मध्ये सुरू झाली. कोणतीही नोट घ्यावी आणि मागच्या बाजूची भाषापट्टी पाहावी. पंधरा भाषा, अनेक लिप्या, वरून खाली अशा रचलेल्या, सर्वांना समान मान. त्यांत आपली मराठीही आहे. तेवढ्याच मापाच्या कागदावर शाळेतील सर्व भाषांत ‘स्वागत’ लिहून दाखवा, असे काम मी एकदा मुलांना दिले होते. उर्दू उजवीकडून येते, तमिळ शब्द लांब होतो, हे पाहून त्यांना नोटेविषयी आदर वाटू लागला.

चालकांनी मला विचारले होते की प्रत्यक्षात काय करावे. माझे म्हणणे मर्यादित आहे. बाहेरच्या संगणकचालकाकडे अंक जरूर जाऊ द्यावा, पण त्यापूर्वी त्याची संपूर्ण डमी मुलांनी कागदावर केलेली असावी, आणि चालकाने ती बदलू नये. प्रत्येक वर्गाला बाराच छायाचित्रे घेण्याची मुभा द्यावी. मोबाइलवर घेतली तरी पुसून टाकण्यास मनाई. पाहुण्यांचे छायाचित्र एक. मराठीची पाने, चार असली तरी चालतील, हाताने लिहून तशीच छापावीत. प्रतिमा म्हणून छापणे आता कठीण नाही. यात वेळ जातो आणि परीक्षेत याला गुण नाहीत, हा आक्षेप मी पन्नास वर्षे ऐकत आहे. वेळ जातो हे खरे आहे. आमचाही आठवडा गेला होता.

त्या १९६६च्या अंकाची एक प्रत माझ्याजवळ होती. ती मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. छापील अक्षरे अजून काळीभोर आहेत. आम्ही काढलेले ‘ळ’ मात्र निळ्या-काळ्या शाईचे होते. ते आता तपकिरी पडले आहेत, त्यामुळे पान उघडताच ते सगळे एकदम दिसतात आणि सहज मोजता येतात. ते चाळीस भरतात. तिसऱ्या पानाच्या तळाशी एका ठिकाणी ‘ल’ तसाच राहून गेला आहे. ते पान माझ्याकडे होते.